दिवसाला ८०० कॅलरी की गरजेपेक्षा ५०० कमी? निवडण्याआधी हे वाचा

वजन उतरवायला बसलेल्या माणसासमोर शेवटी दोनच वाटा उरतात. एक म्हणजे दिवसाला ८०० कॅलरींच्या आत राहून झटपट वजन उतरवायचं. दुसरी म्हणजे रोजच्या गरजेपेक्षा साधारण ५०० कॅलरी कमी खायच्या आणि महिनोन्‌महिने तेच चालू ठेवायचं. पहिल्या वाटेबद्दल एक भीती सगळीकडे ऐकू येते: फार कमी खाल्लं की मेटाबॉलिझम बंद पडतो आणि वजन उतरायचं थांबतं. हे खरं नाही. मेटाबॉलिझम मंदावतो, पण बंद पडत नाही.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे जवळपास निम्म्या आहारावर ठेवलं होतं. विश्रांतीच्या वेळी शरीर जाळत असलेल्या कॅलरी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, तरीही त्यांचं वजन जवळजवळ पाव भागाने उतरलं. त्याची किंमत मात्र त्यांनी वेगळ्याच रूपात मोजली. सतत थंडी वाजायची, चिडचिड व्हायची आणि डोक्यात दिवसभर खाण्याचेच विचार घोळायचे. काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे.

हा मंदावा दोन कारणांनी येतो. शरीर लहान झालं की त्याची गरजच कमी होते, हा साधा हिशोब. त्याहून थोडी जास्त घट शरीर स्वतःहून करतं: पोट भरल्याची सूचना मेंदूला देणारं लेप्टिन हे संप्रेरक उतरतं, मेटाबॉलिझमचा वेग ठरवणारं थायरॉइडचं टी-३ हे संप्रेरक कमी होतं, भूक वाढते आणि नकळत आपली हालचालही घटते. हे दुसऱ्या वाटेवरही होतंच.

मग वेगाने वजन उतरवलं तर ते लवकर परत येतं का? मेलबर्नमध्ये २०० लठ्ठ प्रौढांवर नेमकी हीच तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. एका गटाने १२ आठवडे ४५० ते ८०० कॅलरी घेतल्या, दुसऱ्याने ३६ आठवडे ४०० ते ५०० कॅलरी कमी खाल्ल्या. साडेबारा टक्के वजन उतरवण्याचं लक्ष्य वेगवान गटात ८१ टक्के लोकांनी गाठलं, सावकाश गटात ५० टक्क्यांनी. पण पुढच्या सुमारे पावणेतीन वर्षांत दोन्ही गटांत उतरलेल्या वजनापैकी सुमारे ७१ टक्के परत आलं. त्यामुळे 'सावकाश उतरवलं की टिकतं' हे वाक्य मी तरी आता कोणाला ऐकवणार नाही. खरा कस लागतो तो डाएट संपल्यावर.

फरक पडतो तो स्नायूंमध्ये. पाच आठवडे ५०० कॅलरी आणि बारा आठवडे १२५० कॅलरी अशा एका तुलनेत उतरलेलं वजन जवळपास सारखंच होतं, पण त्यातला चरबीव्यतिरिक्तचा वाटा ५०० कॅलरीवाल्यांत सुमारे दुप्पट निघाला. त्यात पाणीही आलं. पहिल्या आठवड्यात काटा धाडकन खाली येतो तो बराचसा पाण्यामुळेच: ग्लायकोजेन, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, संपताना त्याच्या तिप्पट पाणी सोबत जातं. तो आकडा बघून हुरळून जाऊ नका. कोणतीही वाट धरली तरी पुरेशी प्रथिनं आणि वजनं उचलण्याचा व्यायाम हवाच.

पित्ताशयात खडे होण्याचा धोका वेगवान वाटेवर स्पष्टपणे जास्त आहे. शिवाय पोटॅशियमसारखे क्षार घसरले तर हृदयाची लय बिघडू शकते.

माझं मत सरळ आहे. स्वतःच्या स्वतः करणार असाल तर ५०० कमीचीच वाट धरा. ८०० ची वाट वैद्यकीय कारण असेल आणि डॉक्टर, रक्त तपासण्या, पूर्ण पोषण देणारा आहार हे सगळं हाताशी असेल तरच. तशी ती खरोखर उपयोगी पडते: ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींच्या आहाराने सुरुवात करणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोकांचा टाइप २ मधुमेह वर्षभरानंतर औषधांशिवाय आटोक्यात होता. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातली मुलं आणि खाण्याच्या विकाराचा इतिहास असलेले यांनी या वाटेला जाऊच नये. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर आहार बदलण्याआधीच डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. जुनाच डोस चालू राहिला तर साखर किंवा रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतो.