निकेल सांगून क्रोम चढवलं: फोनोग्राफचे भाग पाठवणाऱ्यांनी सावध राहा

1910च्या दशकातल्या फोनोग्राफवर, म्हणजे चावीच्या जुन्या ध्वनियंत्रावर, क्रोम नसतंच. क्रोमचा मुलामा बाजारात रुळला तो 1920च्या दशकाच्या मध्यानंतर. त्याआधी चमकायचं ते निकेल, आणि भारी यंत्रांवर सोनं. हे पक्कं माहीत असूनही टोनआर्म (आवाज भोंग्याकडे नेणारी नळी), साउंडबॉक्स (सुई आणि पडद्याची डबी), कोपर (नळीचा वाकडा सांधा), चावी भरायची किल्ली आणि स्क्रूंचा जोड मुलामा करणाऱ्याकडून निळसर क्रोम होऊन परत आला, हे सांगायला लाज वाटते. पण गप्प बसलं तर तोच माणूस पुढच्याचे भाग बिघडवेल.

ठरलं होतं असं: जुना थर काढायचा, हलकं बफिंग (चाकावर घासून चकाकी आणणं), 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तांबं, त्यावर 15 मायक्रॉन निकेल. 60 टक्के रक्कम आगाऊ, 40 टक्के माल पाठवण्यापूर्वी. दोन्ही हप्ते चुकते झाले. नंतर दुसऱ्या कारागिराकडे एक्स-रे यंत्रावर मोजलं. वर क्रोमचा नावापुरता पापुद्रा, खाली जेमतेम 2 मायक्रॉन निकेल आणि तांबं अजिबात नाही.

खूण दिसली होती ती दुसऱ्या हप्त्याआधी पाठवलेल्या फोटोत. जुन्या निकेलला किंचित पिवळसर, उबदार झाक असते आणि फोटोतला टोनआर्म गार निळा होता. शंका आली, विचारलंही. उत्तर मिळालं, ‘मोबाइलचा रंग असा येतो.’ मोबाइल रंग बदलतो हे खरंच आहे, त्यामुळे ते उत्तर कोणालाही पटलं असतं. पण त्याच फोटोत साउंडबॉक्सच्या पाठीवरचा क्रमांक अर्धा पुसलेला होता, आणि त्याला मोबाइल जबाबदार नसतो! कडक चाकावर दाबून बफ केलं की पितळातली कोरीव अक्षरं आणि कडा आधी जातात, मग त्या कोणत्याही मुलाम्याने परत येत नाहीत. पैसे तिथेच थांबवायला हवे होते.

त्याहून मोठी खूण म्हणजे त्याने एकदाही विचारलं नाही की कोणता भाग कशाचा आहे. नळी पितळेची, किल्ली पोलादाची आणि कोपर जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचं. पितळ आम्लात बुचकळून काढलं तर चालतं. जस्त नाही, आम्ल ते खातं. जस्तावर आधी सायनाइडच्या द्रावणातून तांब्याचा पातळ थर बसवावा लागतो, मगच निकेल धरतं. इथे सगळं एकाच टाकीत गेलं. कोपरावर आठवड्यांतच फोड आले आणि नखाने पापुद्रा निघाला. धातू न विचारता दर सांगणाऱ्याला एक स्क्रूही देऊ नका.

साउंडबॉक्समधली सुई धरणाऱ्या दांडीची पानस्प्रिंगही त्याने काढली नाही. कडक पोलाद आम्लात आणि मुलाम्याच्या टाकीत हायड्रोजन शोषतं व ठिसूळ होतं. मुलामा होताच काही तास सुमारे 190 ते 200 अंश सेल्सिअसवर भाजलं तर धोका कमी होतो. इथे जोडणी करताना स्प्रिंगचे दोन तुकडे झाले. स्प्रिंग, अभ्रकाचा पडदा आणि रबरी वॉशर घरीच काढून ठेवा. सिलिंडर यंत्राचा (नळकांड्यावरचं रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्राचा) फीड स्क्रू, म्हणजे साउंडबॉक्स पुढे सरकवणारा स्क्रू, तर कधीच देऊ नका: त्यावर बहुधा इंचाला 100 आटे असतात, आणि थर जितका जाड, त्याच्या चौपट आट्याचा मधला व्यास वाढतो. मग त्या आट्यांवर सरकणारी अर्धी नट नीट बसतच नाही.

तक्रारीचं काय झालं? पोलीस म्हणाले, काम करून दिलंय, म्हणजे हा दिवाणी वाद. ग्राहक तक्रार केंद्राने लेखी करार मागितला. संदेशांतलं ‘15 मायक्रॉन निकेल’ त्यांना पुरेसं वाटलं नाही. पैसे पाठवायच्या ॲपने उत्तर दिलं की व्यवहार तुम्हीच मंजूर केला होता. एक्स-रेचा अहवाल दाखवला तर समोरच्या अधिकाऱ्याने विचारलं, ‘चमकतंय ना, मग अडचण काय?’ शंभर वर्षं टिकलेला क्रमांक घासून टाकलाय, हे त्या खुर्चीत बसलेल्या कोणालाही नुकसान वाटत नाही. भाग चोरला असता तर निदान नोंद झाली असती.

म्हणून पुरावा आधीच तयार ठेवा. प्रत्येक भागाचं ग्रॅममध्ये वजन, क्रमांकाचा जवळून फोटो, आणि थर व धातू लिहिलेली सही केलेली पावती. चुंबकावर विसंबू नका, सजावटीच्या क्रोमखालीही बहुधा निकेलच असतं. स्क्रूच्या डोक्याखाली झाकलेला जुना मुलामा उघडा करून नवा भाग दिवसाउजेडी त्याच्या शेजारी धरा.

आणि मुळात मुलामा नवा करायची गरज आहे का ते पाहा. बहुतेक काळवंडलेलं निकेल कोमट पाणी, सौम्य साबण आणि मग व्हाइट स्पिरिटने (रंग पातळ करायच्या द्रावकाने) चिकट तेल काढलं की उजळतं. हिरवे ठिपके लाकडी काडीने खरवडा. अमोनियाचं पॉलिश नको, ताण असलेल्या पितळेला त्याने तडे जातात. सोन्याच्या भागांना कोणतंच पॉलिश नाही, तो थर इतका पातळ असतो की चार वेळा घासलं की पितळ दिसतं.

क्रोम चढलंच असेल तर घरी कॉस्टिक सोडा आणि बॅटरी लावून काढायला जाऊ नका. त्यातून षट्संयुजी क्रोमियम तयार होतं, ते विषारी आणि कर्करोगकारक आहे. ते काम द्रावणाची विल्हेवाट लावू शकणाऱ्या कारखान्याचंच आहे, आणि तिथेही पहिला भाग किल्लीच द्या, साउंडबॉक्स नव्हे.