पाण्यात चालणारी जीप म्हणून जुनी महिंद्रा गळ्यात मारली, जपून राहा

जुन्या मिलिटरी गाड्यांचा नाद असणाऱ्यांनी हे वाचाच, कारण तो माणूस अजून मराठवाड्यात फिरायलाय. आमच्या दाजींना त्यानं फोर्ड जीपीए म्हणून गाडी विकली. जीपीए म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली पाण्यात चालणारी जीप, फोर्डनं १९४२-४३ मध्ये १२ हजारांवर बनवल्या आणि त्यातल्या भरपूर रशियाला गेल्या, म्हणून खरी गाडी सापडली की नादिष्ट माणूस लई भाव मोजतो.

गोष्ट त्यानं अशी रचली की कुणालाही पटावी. निजामाच्या फौजेतली गाडी, १९४८च्या पोलीस ॲक्शननंतर आजोबांनी लिलावात घेतली, तेव्हापासून नांदेडजवळ शेडमध्ये झाकून ठेवलीय. वर बेन कार्लिनचा दाखला. हा ऑस्ट्रेलियन माणूस खराच होता, इथं फौजेत असताना त्यानं बंगालात कलाईकुंडा विमानतळावर एक जीपीए बघितली आणि पुढं तसलीच घेऊन १९५०-५१ मध्ये अटलांटिक ओलांडला, १९५८ पर्यंत जगाची फेरी पुरी केली. म्हणजे या गाड्या भारतात होत्या हे खरंय, पण म्हणून त्या शेडमधली खरी होत नाही ना! खऱ्या इतिहासाच्या आडून खोटा माल खपवायचा, याचाच मला जास्त संताप येतो.

दाजी म्हणले, पैठणला नाथसागरात जरा उतरवून दाखवा. तर म्हणे सील वाळलेत, मुंबईहून नवे आले की दाखवतो, पण केरळचं गिऱ्हाईक उद्या यायलंय. झालं, साडेचार लाख गेले.

गाडी घरी आल्यावर जालन्याच्या एका म्हाताऱ्या मेस्तरीनं आधी टेप लावला. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ८० इंच भरलं. जीपीएचा व्हीलबेस ८४ असतोय, ८० साध्या जीपचा. बॉनेट उघडलं तर कार्बोरेटर हेडवर बसलेला, म्हणजे महिंद्राच्या सीजे३बी जीपचं हरिकेन इंजिन, जीपीएला साईड व्हॉल्व्हचं गो डेव्हिल यायचं. मागं प्रोपेलर होता पण त्याला शाफ्टच नाही, नुसता वेल्डिंगनं डकवलेला. खऱ्या गाडीत पीटीओमधून, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेर काढणाऱ्या जोडातून, शाफ्ट मागं जातो, आत शिरलेलं पाणी फेकायला बिल्ज पंप असतो, इथं त्यातलं काहीच नाही, सगळा नवा पत्रा आणि पुट्टी. चेसिस नंबर घासून परत पंच केलेला.

व्हिंटेज गाडीचा व्हीए नंबर काढून देतो असंबी सांगितलं होतं त्यानं. २०२१च्या नियमानं ५० वर्षांवरच्या गाडीला ती व्हिंटेज नोंदणी मिळते, २० हजार फी, पण चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे बदल केलेली गाडी त्यात बसतच नाही.

पोलिसांत तक्रार दिलीय, त्याचा फोन बंद. आता लातूरच्या एका ओळखीच्याला त्याच शेडमधले नवीन फोटो आलेत, ह्या खेपेला श्विमवागेन म्हणून, म्हणजे महायुद्धातलीच जर्मनांची पाण्यात चालणारी गाडी. श्विमवागेनचं इंजिन मागं असतंय आणि हवेवर थंड होणारं, ह्या फोटोत पुढं रेडिएटर दिसायलाय. त्याला टोकन देऊ दिलं नाही, फोटो पोलिसांकडं पाठवलेत. तुमच्याकडं असे फोटो आले असतील तर डिलीट करू नका, जवळच्या ठाण्यात दाखवा.