शॉर्टकटवर हात बसलेल्यांनी मराठीसाठी काय घ्यावं: इनस्क्रिप्ट की फोनेटिक?

संगणकावर मराठी लिहायचं ठरलं की बहुतेक जण ‘लवकर काय जमेल’ एवढंच बघतात. दिवसातून दोन-चार ओळी लिहिणाऱ्याला ते पुरेसंही आहे. पण ज्याचं अनुवादाचं, संपादनाचं किंवा कोडचं काम आहे, ज्याची बोटं कंट्रोल-सी, कंट्रोल-झेडवर आपोआप जातात, त्याने आधी बघावं की दाबलेली कळ नक्की कोणाच्या हाती लागते.

फोनेटिकमध्ये आपण रोमन अक्षरं टाइप करतो आणि मधला प्रोग्राम त्यांचं देवनागरी करतो. विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक सोबतच येतं. नव्याने शिकावं असं जवळजवळ काही नाही, आणि हा फायदा मोठा आहे. अडचण अशी की शब्द पुरा होईपर्यंत अधांतरी राहतो आणि खाली पर्यायांची यादी उघडी असते. तेवढ्या वेळात एंटर, एस्केप, बाणाच्या कळा यादीच्या ताब्यात जातात. के-ए-एल लिहिलं, तर हवं काय होतं: कल, काल, कळ की काळ? मराठीत ळ आणि ण पावलोपावली लागतात, त्यामुळे नजर वाक्य सोडून सारखी यादीवर जाते. मला हाच सर्वांत मोठा तोटा वाटतो, वेगापेक्षाही मोठा.

इनस्क्रिप्टमध्ये प्रत्येक कळीला देवनागरी अक्षर ठरलेलं असतं, त्यामुळे यादी नाहीच. हा आराखडा १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. के वर क, शिफ्टसह ख. एन वर ल, शिफ्टसह ळ. डी वर हलन्त. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य हवा असेल तर शिफ्ट-जे, डी आणि मग य. जे दाबलं तेच आणि लगेच उमटतं. मागे काही अडकलेलं नसल्याने कंट्रोल-झेड, कंट्रोल-एस जिथल्या तिथे चालतात. सी च्या कळीवर म असला तरी विंडोजवर मराठी चालू ठेवूनही कंट्रोल-सी ने कॉपीच होतं. बॅकस्पेस एकेक चिन्ह पुसतो, म्हणून चुकलेली वेलांटी काढायला अक्षर पुन्हा लिहावं लागत नाही.

इनस्क्रिप्टची खरी अडचण एकेरी कळांच्या शॉर्टकटशी आहे. विम या एडिटरमध्ये साधी अक्षरंच आज्ञा असतात. तिथे मराठी चालू राहिलं आणि ओळ पुसायला डी-डी दाबलं, तर त्याला दोन हलन्त मिळतात आणि ओळ तशीच राहते. त्यावर विंडोजच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये प्रत्येक ॲपच्या खिडकीसाठी वेगळी इनपुट पद्धत ठेवायची सोय आहे, ती चालू करा. मग एडिटर इंग्रजीत आणि वर्ड मराठीत राहतो. ईमॅक्स हा दुसरा एडिटर वापरणाऱ्यांनी मात्र सिस्टीमचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवावा आणि कंट्रोल-बॅकस्लॅशने ईमॅक्सची स्वतःची ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ पद्धत निवडावी. अक्षरं मराठी, आज्ञा इंग्रजी, आणि दोघांची गाठच पडत नाही. इतकी स्वच्छ सोय मला दुसरीकडे दिसलेली नाही.

डीटीपीतून, म्हणजे छपाईच्या अक्षरजुळणीतून आलेल्यांची बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेली असतात. त्यांनी युनिकोडमधलं रेमिंग्टन घ्यावं, नवं शिकत बसू नये.

बाकी रोज पानभर मराठी लिहिणार असाल, तर माझं मत स्पष्टपणे इनस्क्रिप्टच्या बाजूने आहे. सुरुवातीचे काही आठवडे जड जातात, हे खरं. तेव्हा विंडोज-कंट्रोल-ओ दाबून पडद्यावरचा कीबोर्ड उघडा ठेवा. मराठी निवडलेली असली की त्यावर मराठी अक्षरं दिसतात. आधी क, त, प, र आणि काना-वेलांटी यांच्या जागा पाठ करा, जोडाक्षरांकडे नंतर वळा.