चार इंची मातीची कुंडी आणि घरातले जेड : अडीच वर्षांच्या वापरानंतर

धारावीच्या कुंभारवाड्यातून मी फेब्रुवारी २०२३ मध्ये चार इंच तोंडाची, रंग न दिलेली, भाजलेल्या मातीची साधी कुंडी घेतली. हेतू एकच होता : दिवाणखान्यातल्या जेडची वाढ आवरणे. त्यानंतरची अडीच वर्षे ते झाड त्याच कुंडीत आहे आणि या काळात त्याची उंची जेमतेम दोन इंचांनी वाढली. खोड मात्र करंगळीएवढे जाड झाले आहे. घरातले झाड लहान ठेवायचे म्हणजे ते सतत कापायचे, असा माझा समज होता. आता मला वाटते की कात्री हातात घेण्याआधी कुंडीचा विचार करायला हवा.

आपल्याकडच्या रोपवाटिकांत ‘जेड’ म्हणून जे मिळते, ते बहुतेक वेळा पोर्टुलॅकेरिया आफ्रा असते. क्रासुला ओवाटा हे खरे जेड. त्याची पाने मोठी, जाड आणि चकचकीत असतात. पोर्टुलॅकेरियाची पाने नखाएवढी आणि कोवळ्या फांद्या तांबूस असतात. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेकडची, पण त्यांची कुळे वेगळी आहेत. पोर्टुलॅकेरिया अधिक वेगाने वाढते. तिथले हत्ती ते झाड ओरबाडून खातात आणि तरीही ते पुन्हा जोमाने फुटते. निसर्गात माणसाच्या डोक्यावरून जाणारे हे झुडूप आपण खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू पाहतो, हे लक्षात घेतले म्हणजे वाढीचा प्रश्न का उभा राहतो ते कळते.

माझे पोर्टुलॅकेरियाचे रोप २०२२ मध्ये एका रोपवाटिकेतून सहा इंची प्लास्टिकच्या कुंडीत आले. कुंडीत निव्वळ लाल माती आणि शेणखत होते, आणि ‘दोन दिवसांआड पाणी द्या’ असे मला सांगण्यात आले होते. मी ते खिडकीपासून पाच-सहा फुटांवरच्या फळीवर ठेवले. पावसाळा संपेपर्यंत त्याला वीतभर लांब, फिकट फांद्या फुटल्या. पानांच्या दोन जोड्यांमधले अंतर पूर्वीच्या तिप्पट झाले आणि सगळे झाड खिडकीकडे झुकले. घरी येणारे लोक ‘किती छान वाढलंय’ म्हणत आणि मलाही तसेच वाटे. प्रत्यक्षात ते झाड उजेडाच्या शोधात ताणले गेले होते. डोळ्यांना खोली उजळ दिसली तरी खिडकीपासून काही फुटांवर प्रकाश कित्येक पटींनी घटतो. त्यात भरपूर पाणी आणि नत्र मिळाले की अशी लांब, पोकळ वाढ होते. एकदा ताणलेली फांदी नंतर कितीही ऊन दाखवले तरी आखूड होत नाही. ती कापावीच लागते.

म्हणून फेब्रुवारीत मी झाड नऊ इंचांपर्यंत छाटले, पूर्वेच्या खिडकीच्या कट्ट्यावर आणले आणि या कुंडीत लावले. तिन्ही बदल एकदम केल्यामुळे सगळे श्रेय कुंडीला देणे योग्य होणार नाही. फांद्या आखूड राहण्याचे मोठे कारण पूर्वेचे ऊन आहे. परंतु त्याच छाटणीतली एक फांदी मी सहा इंची प्लास्टिकच्या कुंडीत, त्याच मिश्रणात, त्याच कट्ट्यावर लावली होती. ती आज मूळ झाडापेक्षा उंच आणि पसरट झाली आहे, आणि तिला वर्षातून तीनदा छाटावे लागते. मूळ झाडाला एकदा पुरते.

यामागचे कारण समजण्यासारखे आहे. घडण सारखी धरली तर सहा इंची कुंडीत चार इंचीच्या सव्वातीन पटींहून थोडी अधिक माती मावते, म्हणजे मुळांना जागा आणि पाण्याचा साठाही तितका मोठा. वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्ड्रिक पूर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ६५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा कुंडीचे आकारमान दुप्पट झाल्यावर झाडाची एकूण वाढ सरासरी ४३ टक्क्यांनी अधिक होते, असे आढळले होते. त्यात मातीची कुंडी सच्छिद्र असल्याने पाणी तिच्या भिंतींतूनही उडते. पाण्याची तूट जाणवू लागली की पोर्टुलॅकेरिया दिवसा पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) मिटून घेऊन रात्री कार्बन डायऑक्साइड घेण्याकडे वळते. या काटकसरीत झाड निरोगी राहते, पण वाढीचा वेग मंदावतो. लहान, लवकर सुकणारी कुंडी झाडाला वारंवार त्या स्थितीत नेते, असे मी समजतो.

कुंडी निवडताना मडक्याप्रमाणे वाजवून घ्यावी. खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली आणि भेग नाही. भद्द आवाज आला तर ती बाजूला ठेवावी. तेलरंग दिलेली कुंडी दिसायला आकर्षक असते, पण रंगाने छिद्रे बुजतात आणि ती प्लास्टिकसारखीच वागू लागते. गेरूचा पातळ हात चालतो. तळाचे भोक निदान करंगळी जाईल एवढे हवे. मी घेतलेल्या कुंडीचे लहान होते, ते कानशीने मोठे करावे लागले. भोकावर खापरीचा थर देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही. पाणी बारीक मिश्रणातून जाड थरात सहज उतरत नाही, ते थराच्या वर साचून राहते. शिवाय चार इंची कुंडीतली मोलाची जागा वाया जाते. भोकावर जाळीचा तुकडा ठेवावा आणि निम्मे जाड वाळू व विटांचा चुरा, निम्मे कोकोपीट आणि जुने कंपोस्ट असे मिश्रण तळापासून भरावे.

या कुंडीची खरी उणीव मुंबईच्या पावसाळ्यात दिसते. हवाच दमट असल्याने भिंतींतून बाष्पीभवन फारसे होत नाही आणि कुंडीचा मुख्य गुण जुलै-ऑगस्टमध्ये जवळजवळ निष्प्रभ ठरतो. एप्रिल-मेमध्ये मी आठवड्याने पाणी देतो. पावसाळ्यात तीन आठवडे थांबावे लागते, आणि तेही कुंडी हातात घेऊन ती हलकी लागल्यावरच. बाहेरच्या अंगावर हिरवट शेवाळ आणि खतांच्या क्षारांचे पांढरे डाग येतात. ते काथ्याने घासून निघतात. खालच्या बशीत पाणी राहिले तर माती ते परत शोषून घेते, म्हणून बशी लगेच रिकामी करावी लागते. लाकडी फळीवर ओलीचा गोल डाग पडतो, तो मात्र जात नाही.

छाटणीबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण कुंडीने वेग आवरतो, घाट येत नाही. याची पाने समोरासमोर जोडीने येतात, त्यामुळे पानांच्या जोडीच्या लगेच वर काप घेतला की बहुधा तिथून दोन फांद्या फुटतात आणि झाड उंचीऐवजी भरीव होते. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावे. पावसाळ्यात काप सुकत नाहीत आणि सडण्याची भीती असते. कापलेल्या फांद्या चार-पाच दिवस सावलीत सुकवून लावल्या तर त्या रुजतात.

येत्या फेब्रुवारीत झाड बाहेर काढून मुळांचा साधारण एक तृतीयांश भाग कापायचा, नवे मिश्रण भरायचे आणि ते याच कुंडीत परत लावायचे, असे मी ठरवले आहे. कुंडीला मी साठ रुपये दिले होते. प्लास्टिकमधल्या त्या फांदीसाठी तशीच दुसरी आणायची आहे. कुंभारवाड्यात सायन स्थानकावरून चालत जाता येते, आणि सकाळी गेल्यास निवडून, वाजवून घ्यायला दुकानदार पुरेसा वेळ देतात.