नाशिकच्या गच्चीवरची ब्लूबेरी: दीड वर्षानंतर

ब्लूबेरी आपल्याकडच्या उन्हात तगेल का, हाच प्रश्न जो तो विचारतो. माझ्या अनुभवात ऊन आवरता येतं, खरी कसोटी पाण्याची आहे.

गंगापूर रोडला आमच्या गच्चीवर 'बिलॉक्सी' आणि 'मिस्टी' ही रोपं दीड वर्षापासून आहेत. दोन्ही जाती कमी थंडीवर फळणाऱ्या. थंड मुलखातल्या जुन्या जातींना ७ अंशांखाली ८०० ते १००० तास लागतात, तेवढी थंडी आपल्याकडे निफाडलाही पडत नाही. म्हणून जातीचं नाव न सांगता नुसतं 'ब्लूबेरी' म्हणून विकलं जाणारं रोप घेऊ नका.

दुसरं म्हणजे जमिनीत लावू नका. या झाडाला आम्ल माती लागते, हे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० सालीच दाखवून दिलंय. मातीचा सामू (म्हणजे पीएच, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) हवा ४.५ ते ५.५ आणि आपली काळी चुनखडीची माती बहुतेक ठिकाणी ७.५ च्या पुढे. सामूत एका अंकाचा फरक म्हणजे आम्लता दहापट कमी-जास्त. एवढी दरी गंधक टाकून भरत नाही. मोठ्या कुंडीत धुतलेलं कोकोपीट, पाइनची साल आणि थोडं परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) एवढंच भरलंय. शेणखत अजिबात नाही, खत म्हणून अमोनियम सल्फेट, तेही चिमूटभर.

पहिला हिवाळा छान गेला. उन्हाळ्यात टाकीत बोअरचं पाणी येऊ लागलं आणि कोवळी पानं पिवळी पडली. शिरा मात्र हिरव्यागार, जणू कुणी बारीक ब्रशने रेखल्यात. त्या पाण्याने कुंडीतला सामू वाढला होता, म्हणून लोह असूनही मुळांना घेता येत नव्हतं. दिंडोरीला द्राक्षबाग असलेले मामा पान बघून लगेच म्हणाले, "फवारणीच्या पाण्याचा पीएच आम्ही दरवेळी बघतो, कुंडीच्या पाण्याचा तू बघ." तेव्हापासून बादलीत थोडं थोडं लिंबूसत्व टाकून पीएच पट्टीवर ५ च्या आसपास आलं की मगच पाणी घालते. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी पिंपात साठवते, त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. नवी पालवी पुन्हा हिरवी आली.

मार्च ते मे दुपारी हिरवी जाळी लागतेच. मुळं वरवर पसरतात, त्यांना केशमुळंही नसतात, त्यामुळे वरचा थर सुकला की झाड लगेच मान टाकतं. सालीचं आच्छादन जाड ठेवा.

फळ यंदा आलं. जानेवारीत घंटेसारखी पांढरी फुलं, त्यांना लोंबकळून काळे भुंगे गुणगुणायचे. दोन जाती शेजारी असल्या की फळ मोठं धरतं. फळ निळं झालं म्हणून तोडायची घाई करू नका: देठाजवळ लालसर कडा दिसते तोवर ते आंबट असतं. ती कडा गेल्यावर चार-पाच दिवस थांबलं की खरी गोडी उतरते. बुलबुलांनाही ते कळतं, तेव्हा वेळेत जाळी टाका.

एका वेळी वाटीभर फळं निघतात. पैशांचा हिशेब केला तर बाजारातला डबा स्वस्त पडेल, पण झाडावर पिकलेल्या फळाचा वास त्या डब्यात मला कधी मिळाला नाही. पाण्याचा सामू दर खेपेला बघायची तयारी असेल तर जरूर लावा, नसेल तर त्या कुंडीत अंजीर लावा.