टीव्हीवरचा ‘शेतमाल अभ्यासक’ आणि आमचं सोयाबीन

लातूर, धाराशिव, बीड, परभणी, नांदेड, हिंगोली या पट्ट्यात ज्यांच्या घरात सोयाबीनची थप्पी लागलेली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. रास झाली की टीव्हीच्या चर्चांमध्ये आणि यूट्यूबवर ‘शेतमाल अभ्यासक’, ‘बाजार विश्लेषक’ अशी पट्टी लावून माणसं बसायला लागतात. त्यातल्या एकाने आमच्या औसा तालुक्यातल्या कित्येक घरांना पैशाने आणि मालाने बुडवलं. तक्रार अर्ज पोलिसांत आहे म्हणून त्याचं नाव इथे घेत नाही. पण त्याची रीत पुरती सांगतो, कारण त्याच रीतीने काम करणारे आणखीही आहेत.

आधी काळ लक्षात घ्या. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या) सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली, पाठोपाठ नवा माल आला आणि दसरा-दिवाळीपर्यंत भाव निम्म्यावर आला. पुढे एप्रिल २०२२ ला तोच भाव ७,००० च्या वर. म्हणजे ज्याने दिवाळीला विकलं तो हळहळला आणि ज्याने ठेवलं त्याचं साधलं. त्यातच २० डिसेंबर २०२१ ला शेअर आणि वायदेबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद केले. वायदेबाजाराबद्दल कुणाचं काहीही मत असो, पुढच्या महिन्यांचा एक उघड भाव तिथे रोज दिसायचा. तो दिसेनासा झाला आणि ‘पुढं काय होईल हो?’ या प्रश्नाचं उत्तर विकणाऱ्यांना रान मोकळं मिळालं.

२०२२ च्या सुगीत हा गृहस्थ एका मराठी वृत्तवाहिनीवर आठवड्यातून एकदा तरी दिसायचा. नावाआधी ‘डॉ.’, नावाखाली ‘आंतरराष्ट्रीय शेतमाल विश्लेषक’. बोलणं ठसठशीत, आकडे तोंडपाठ, ‘माझ्या शेतकरी बांधवांनो’ म्हणताना आवाज जड व्हायचा. सरकारवर तुटून पडायचा, त्यामुळे माणूस आपला वाटायचा. यूट्यूबवरच्या त्याच्या प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी ‘प्रीमियम ग्रुप’चा नंबर असे. वर्षाची फी ५,९०० रुपये, ‘जीएसटीसह’. पैसे भरल्यावर रंगीत पावती आली. त्या पावतीवर त्याचा फोटो होता, शिवाजी महाराजांचा फोटो होता, ‘जीएसटी १८ टक्के : ९०० रुपये’ असंही छापलं होतं. जीएसटी क्रमांक मात्र कुठेच नव्हता. ज्या खात्यावर पैसे गेले ते भलत्याच बाईच्या नावाचं.

ग्रुपवर सकाळी सात-साडेसातला मेसेज पडायचा. नोव्हेंबरमध्ये लातूरच्या सौद्यात ५,५०० च्या पुढे भाव निघत होता तेव्हा त्याचा हुकूम होता, ‘एक दाणाही विकू नका, गुढीपाडव्याला ८,०००.’ आधाराला अर्जेंटिनाचा दुष्काळ. भेगाळलेल्या जमिनीचे फोटो, करपलेल्या शेंगांचे फोटो. दुष्काळ खरा होता. त्या हंगामात अर्जेंटिनाचं पीक निम्म्याजवळ आलं. पण त्याच हंगामात ब्राझीलमध्ये १५ कोटी टनांच्या वर विक्रमी सोयाबीन पिकलं, हे त्याने एकदाही सांगितलं नाही. मे २०२२ मध्येच केंद्राने वर्षाला २० लाख टन कच्चं सोयातेल आणि तितकंच सूर्यफूल तेल बिनशुल्क आणायला दोन वर्षांसाठी मोकळीक दिली होती, त्यावरही चकार शब्द नाही. इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात पुन्हा उघडल्यावर जगभरात खाद्यतेल उतरलं, तेही गाळलं. सगळं खोटं बोललं तर लोक पकडतात. हा खऱ्यातलं अर्धं उचलून दाखवायचा आणि उरलेलं अर्धं दाबून ठेवायचा.

त्याचं दुसरं हत्यार म्हणजे अमेरिकेतल्या शिकागोच्या वायदेबाजाराचा, म्हणजे सीबॉटचा भाव. ‘सीबॉटवर सोयाबीन १५ डॉलरच्या वर!’ असा मेसेज आला की ग्रुपवर नुसते टाळ्यांचे हात. १५ डॉलर कशाला, हे तो कधी सांगायचा नाही. तो भाव असतो एका बुशेलला आणि सोयाबीनचं एक बुशेल म्हणजे २७.२ किलो. तेव्हा डॉलर ८२ रुपयांच्या आसपास होता. १५ गुणिले ८२ म्हणजे १,२३० रुपये, भागिले २७.२, म्हणजे किलोला ४५ रुपये आणि क्विंटलला साडेचार हजार. जो आकडा दाखवून तो ८,००० ची आशा लावत होता, तो आकडा त्या दिवशीच्या लातूरच्या भावापेक्षाही खालचा होता. सातवीतल्या पोराला जमेल असं हे त्रैराशिक आहे आणि मी जन्मभर शाळेत गणितच शिकवलं. ज्याला ‘आंतरराष्ट्रीय विश्लेषक’ म्हणवून घ्यायचंय त्याला हे येत नसेल असं मी मानत नाही. त्याला ते येत होतं आणि त्याने ते दडवलं.

पाडवा गेला. ८,००० ची तारीख अक्षय्य तृतीयेवर गेली, मग ‘मान्सून लांबला की भडका’ असं सुरू झालं. जून २०२३ मध्ये पेरणीच्या तोंडावर डीएपी खताचं पोतं १,३५० ला, वर बियाणं, ट्रॅक्टरचं भाडं. थांबणार कोण? मी साठ क्विंटल लातूरला नेलं, ४,८५० ने गेलं. घरात ठेवून माल वाळला, त्याची घट वेगळी. आमच्या आळीतल्या दोघा भावांनी तर त्याने सुचवलेल्या खासगी गोदामात माल टाकला होता. भाडं भरून भरून ते दोघे मेटाकुटीला आले. माल उचलताना तिथला मुनीम सहज बोलून गेला, “तुमच्या साहेबाचं दर कट्ट्यामागं कमिशन ठरलेलं हाय की.” विकू नका असं तो इतक्या पोटतिडकीने का सांगत होता, ते त्या दिवशी कळलं.

अंबाजोगाईला एका लग्नात माझा मेहुणा भेटला. तो सेलूकडचा, त्याचाही सोयाबीनचा खटाटोप मोठा. पंगतीनंतर मंडपाबाहेर उभं राहून भावाचीच गोष्ट निघाली. तो म्हणाला, “दाजी, म्या तर नोव्हेंबरातच निम्मं काढलं. साहेबानंच सांगितलं व्हतं.” मी म्हटलं, कोणत्या साहेबाने? त्याने मोबाइल काढला, मी माझा काढला. ग्रुपचं नाव तेच, पुढे फक्त आकडा वेगळा. तारीख तीच. वेळेत दोन-चार मिनिटांचा फरक. अर्जेंटिनाचा फोटोसुद्धा तोच. माझ्याकडे लिहिलेलं होतं, ‘एक दाणाही विकू नका.’ त्याच्याकडे लिहिलेलं होतं, ‘५० टक्के माल आत्ताच मोकळा करा, पुढे मंदी दिसते.’ माणूस एक, सकाळ एक आणि सल्ले एकमेकांच्या उलट.

नंतर त्याच्या यूट्यूबवर पाहिलं तर मेहुण्याच्या ग्रुपवरच्या त्याच मेसेजचा स्क्रीनशॉट झळकत होता : ‘आम्ही नोव्हेंबरमध्येच सावध केलं होतं!’ ८,००० वाले व्हिडिओ गायब झाले होते. एका ग्रुपला तेजी सांगायची, दुसऱ्याला मंदी. जे खरं ठरेल त्याची जाहिरात करायची, त्यावर पुढच्या वर्षीचे सभासद गोळा करायचे आणि उरलेल्यांचा ग्रुप बंद करून टाकायचा. भाव कुठेही जावो, हा कधी चुकणारच नाही. मी ग्रुपवर दोन्ही मेसेज शेजारी-शेजारी लावून टाकले. लगेच मला काढलं आणि नंबर ब्लॉक केला.

मग मी त्याच्या पदव्यांच्या मागे लागलो. ‘डॉ.’ ही मानद पदवी निघाली. दिल्लीतल्या एका हॉटेलात लाल झगा घालून घेतलेली, देणाऱ्या संस्थेच्या नावात ‘इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी’. आपल्या देशात पदवी कोण देऊ शकतं, हे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात कलम २२ मध्ये स्पष्ट लिहिलंय : केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने तसा अधिकार दिलेली संस्था. मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी आणि बोगस विद्यापीठांची यादी, दोन्ही आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत. त्या संस्थेचं नाव मान्यताप्राप्त यादीत नव्हतं. ‘कृषी विद्यापीठाचे माजी सल्लागार’ म्हणजे कधीतरी परभणीच्या शेतकरी मेळाव्यात केलेलं एक भाषण. ‘शासनाच्या सल्लागार समितीचे सदस्य’ या दाव्यासाठी दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तर एका ओळीचं आलं : ‘सदर नावाची नोंद या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.’

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका वाहिनीत काम करतो. त्याला विचारलं, बाबा रे, पट्टीवर हे ‘डॉ.’ आणि ‘विश्लेषक’ कोण तपासतं? तो म्हणाला, “सर, पाहुणा जे सांगतो तेच आम्ही टाकतो. संध्याकाळच्या चर्चेला चार चौकटी भरायच्या असतात. जो फोन उचलतो, वेळेवर लिंक जोडतो आणि ठासून बोलतो, त्यालाच पुन्हा बोलावतात. खरे शास्त्रज्ञ ‘हे अवलंबून आहे’ असं म्हणतात, मग अँकर वैतागतो.” पोराने खरं ते सांगितलं. पण त्याचा अर्थ असा की टीव्हीवर दिसणं हे कसल्याही परीक्षेत उतरल्याचं प्रमाणपत्र नाही. आणि गावात मात्र तेच प्रमाणपत्र म्हणून चालतं. ‘टीव्हीवर येतो म्हणजे काहीतरी असंल की.’ त्याचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा होता.

फिलिप टेटलॉक नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाने २८४ तज्ज्ञांची भाकितं वीसेक वर्षं लिहून ठेवली आणि मग घडलेल्या गोष्टींशी ताडून पाहिली. जितका माणूस माध्यमांत प्रसिद्ध, तितकं त्याचं भाकीत कच्चं, असं त्यांना आढळलं. ते राजकारण आणि अर्थकारणाच्या तज्ज्ञांबद्दल होतं, पण माझ्या विद्यार्थ्याने सांगितलं ते याहून काय वेगळं आहे? आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये सेबीने एका व्यापारविषयक वाहिनीवरच्या पाहुण्या तज्ज्ञांविरुद्ध अंतरिम आदेश काढला. कोणता शेअर घ्यायला सांगणार, हे ते आधीच काही जणांना कळवत. ती मंडळी आधी खरेदी करत आणि शिफारस टीव्हीवर आली, भाव चढला की विकून मोकळी होत, असं सेबीचं म्हणणं होतं. ७ कोटी ४१ लाख रुपये जप्त करायला सांगितलं गेलं. शेअरबाजारात निदान सेबी आहे, सल्लागाराला तिथे नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि तो तपासता येतो. आडतीत विकायच्या सोयाबीनचा भाव सांगणाऱ्याला कुठलीच नोंदणी लागत नाही. म्हणून इथे फसवायला जास्त सोपं जातं.

सगळेच अभ्यासक असे नसतात, हेही सांगायलाच हवं. परभणीच्या कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ फोनवर विनाशुल्क बोलतात आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणतात. आमचे आडतदार तर म्हणतात, “मास्तर, भाव कुणालाच कळत नसतो. आपल्याला पैसा कधी लागणार तेवढं आपल्याला कळतं.” पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचे बाजारभाव फुकट मिळतात. माल ठेवायचाच असेल तर बाजार समितीची शेतमाल तारण योजना आहे : मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिने, ६ टक्के व्याज. तिचं नाव त्या माणसाने ग्रुपवर कधीच काढलं नाही.

असा कोणी तुम्हाला भेटला तर पैसे देण्याआधी त्याच्याकडे मागच्या दोन हंगामांचे अंदाज तारखेसकट मागा, चुकलेलेही. आणि पैसे कुणाकडून घेतो, गोदाम, बियाणं, औषध यातलं कुणाचं कमिशन खातो, ते तोंडावर विचारा. पावतीवर जीएसटी क्रमांक असेल तर तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा. दुसऱ्या तालुक्यातल्या पाहुण्यारावळ्यांना त्यांच्या ग्रुपवर काय आलंय ते विचारा, यासारखी दुसरी तपासणी नाही. वाहिनीने खोटी पदवी लावून कोणाला बसवलं असेल तर वाहिनीकडे लेखी तक्रार करा. केबल टीव्हीच्या २०२१ च्या नियमांनुसार त्यांना १५ दिवसांत निर्णय कळवावा लागतो.

पोलिस ठाण्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा ‘अंदाज चुकला हा काय गुन्हा होत नाही, गुरुजी’ असं ऐकावं लागलं. दोन ग्रुपचे एकाच सकाळचे मेसेज, बिननंबरची पावती आणि माहिती अधिकाराचं उत्तर एकत्र जोडल्यावर अर्ज घेतला गेला. अर्जावर सध्या आमच्या भागातल्याच लोकांच्या सह्या आहेत. तपास अधिकाऱ्यांना आणखी ग्रुपवरचे मेसेज हवेत. नोव्हेंबर २०२२ ते जून २०२३ या काळातले असे मेसेज, पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट किंवा पावत्या तुमच्या मोबाइलमध्ये असतील तर ते पुसू नका. मोबाइल बदलायच्या आधी ते दुसरीकडे उतरवून घ्या आणि प्रिंट काढून, तारीख-वेळ दिसेल अशा रीतीने, आपापल्या पोलिस ठाण्यात अर्जासोबत द्या.