आधी विचारलेलं आणि नंतर ऐकवलेलं

समुद्रातल्या पवनचक्क्यांबाबत लोकांना कधी विचारायचं? माझ्या मते सगळं याच प्रश्नावर ठरतं.

डेन्मार्कमधल्या कोपनहेगनजवळचा मिडलग्रुंडेन प्रकल्प पाहा. मूळ आराखडा २७ पवनचक्क्यांचा, तीन रांगांत. जनसुनावणीत किनाऱ्यावरून दिसणाऱ्या दृश्याबद्दल हरकती आल्या आणि आराखडा खरोखर बदलला: २० पवनचक्क्या, एकाच हलक्या कमानीत. शहराभोवतीच्या जुन्या तटबंदीच्या वळणाशी ती कमान जुळते, हे मला फार भावतं. शिवाय ४० मेगावॅटच्या या प्रकल्पातला अर्धा वाटा सहकारी संस्थेचा, साडेआठ हजारांच्या आसपास सभासदांचा. हरकत घेणारा उद्या भागधारकही होऊ शकत होता. सहकारी साखर कारखाने पाहिलेल्या आपल्याला हे वेगळं समजवायला नको.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यालगतचं ‘केप विंड’ उलट वाटेनं गेलं. २००१ मध्ये खासगी कंपनीनं नँटकेट साउंड या समुद्रभागात १७० पवनचक्क्यांचा प्रस्ताव मांडला; पुढे तो १३० वर आला. सुनावण्या इथेही झाल्या, भरपूर झाल्या. पण जागा आधीच ठरली होती. सिनेटर टेड केनेडी विरोधात होते. उगवत्या सूर्याशी जोडलेल्या आपल्या विधींना अडथळा होईल, असं वाम्पानोआग आदिवासींनी सांगितलं. ही तक्रार मला सर्वांत वजनदार वाटते. २०१० मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, पण कोर्टकचेऱ्या थांबल्या नाहीत. २०१७ मध्ये कंपनीनं प्रकल्प सोडला.

मिडलग्रुंडेनच्या पवनचक्क्या मात्र २००० सालीच उभ्या राहिल्या.